गावातली नाहीशी झालेली धर्मशाळा कशी शोधावी

जुन्या वेशीबाहेर, नदीच्या उताराजवळ किंवा एसटी स्टँडच्या मागे बोट दाखवून 'इथे पूर्वी धर्मशाळा होती' असे सांगणारी माणसे बहुतेक मोठ्या गावांत भेटतात. ती कुणी बांधली, कधी पडली, जागेचे पुढे काय झाले, असे विचारले की मात्र बोलणे तिथेच थांबते. नवख्या माणसाला वाटते, आता ग्रंथालयात जाऊन धर्मशाळेचे नाव शोधावे. तिथेच पहिले दोन महिने वाया जातात, कारण गावच्या धर्मशाळेला बहुधा नावच नसते. ती 'वरची', 'वाण्याची', 'मारुतीपुढची' किंवा नुसती 'सरकारी' असते. इमारत पडते, नाव बदलते, पण जमिनीचा तुकडा कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत राहतो. म्हणून शोध जागेचा घ्यायचा. पुढची सगळी कामे या एका धोरणावर चालतात.

आधी ठरवा, ती होती कुणाची

धर्मशाळेत वाटसरूला छप्पर, पाणी आणि चूल मांडायला जागा मिळे. शिधा ज्याचा त्याचा. फुकट जेवण मिळे ते अन्नछत्र. पैसे देऊन जेवण ती खानावळ. साहेबासाठी आणि अंमलदारासाठी डाक बंगला किंवा मुसाफिर बंगला. सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द मराठवाड्यात आणि जुन्या मुसलमानी ठाण्यांच्या गावी जास्त. लोक हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून सांगणाऱ्याला विचारा: तिथे पैसे पडत का? रखवालदार कुणाचा होता? डागडुजी कोण करत असे?

या तीन उत्तरांवरून कागद कुठे असतील ते ठरते. सावकाराने किंवा व्यापाऱ्याने पुण्यकर्म म्हणून बांधलेली असेल तर वाट धर्मादाय कार्यालयाकडे जाते. सरकारी उपकरातून बांधलेली लोकल फंडाची असेल तर जिल्हा परिषदेकडे. नगरपालिकेची असेल तर पालिकेच्या ठरावांच्या पुस्तकांत. एखाद्या समाजाची असेल तर त्या समाजाच्या संस्थेच्या कपाटात, आणि संस्थानी मुलखातली असेल तर पुरालेखागारात.

जागेवर जाताना

तीस मीटरची टेप, वही, टॉर्च, मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि मोबाइल एवढे पुरते. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात जोत्याच्या रेषा दिसतात, दुपारी दिसत नाहीत.

धर्मशाळेचे अवशेष ठरावीक असतात. लांबट दगडी जोते, बहुधा एक बाजू रस्त्याकडे उघडी. खांबांखालचे तळखडे ओळीत बसलेले. जवळ आड किंवा बारव, जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण, भिंतीत जनावर बांधायची लोखंडी कडी, शेजारी पार आणि मारुती. जोते, पाणी आणि पार या तिन्ही गोष्टी एकत्र आढळल्या तर जागा बरोबर असण्याची शक्यता मोठी. नुसते जोते चावडीचे किंवा वाड्याचेही असू शकते.

तळखड्यांमधली अंतरे मोजा आणि किती खण (दोन खांबांमधली जागा) होते ते लिहा. जुन्या कागदांत इमारतीचे वर्णन खणांत येते, आणि 'पाच खणी' हा उल्लेख पुढे सापडला तर तुमचे मोजमाप लगेच पडताळता येते. जोत्याच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदवा. विहिरीपासून आणि रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतरही घ्या. रस्ता रुंद झाल्यामुळे निम्मे जोते गडप झालेले असते, हे ध्यानात ठेवा.

कौलांवरच्या सालाला फसू नका. 'बासेल मिशन १८६५' असा ठसा असलेले मंगलोरी कौल सापडले की लोक इमारत १८६५ ची ठरवून मोकळे होतात. १८६५ हे मंगळुरूचा तो कारखाना सुरू झाल्याचे साल आहे, कौल भाजल्याचे नव्हे. शिवाय छप्पर शाकारताना कौले बदलतात. कौलावरून जोत्याचे वय कधीच ठरवू नये.

शिलालेख असेल तर

घासू नका, खडूने अक्षरे भरू नका, तेल लावू नका. ऑइलपेंट फासलेला असेल तर तो खरवडूही नका. पाण्याने हलके पुसा, अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश पाडा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. एका प्रकाशात न दिसलेली वेलांटी दुसऱ्यात दिसते.

सालाची गंमत एका नमुन्यावर पाहू. प्रत्येक शकाला साठ नावांच्या चक्रातले एक नाव असते, ते संवत्सर. समजा दगडावर 'शके १७▢२ प्रमोदनाम संवत्सरे' असे आहे आणि दहंचा आकडा झिजला आहे. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचे, बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, विभव दुसरा, शुक्ल तिसरा, प्रमोद चौथा. बाकी शून्य उरली तर साठावा, म्हणजे क्षय. आता १७०२ पासून १७९२ पर्यंत दहाही शके तपासा. बाकी ४ फक्त दोनदा येते: १७३२ आणि १७९२ ला. म्हणजे इसवी १८१० किंवा १८७०. एक दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीतले, दुसरे इंग्रजांच्या अमलातले. दोन्हींमध्ये नेमकी साठ वर्षे असल्याने संवत्सर इथे थांबते. पुढे तिथी आणि वार दिला असेल तर दोन्ही वर्षांचे पंचांग पाहा. बहुधा एकाच वर्षी दोन्ही जुळतात.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवावे लागतात. कागदात सुहूर सन (मराठी दप्तरातली जुनी कालगणना) असेल तर जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मे ६०० मिळवा. फसली सनात (महसुली वर्षगणनेत) ५९० किंवा ५९१. जुन्या वळणाचे ५, ८ आणि ९ आजच्यापेक्षा वेगळे असतात. १ आणि ९ यांची गल्लत तर सर्रास होते.

'अहिल्याबाईंनी बांधली' हे वाक्य जवळपास प्रत्येक जुन्या धर्मशाळेबद्दल ऐकू येते. अहिल्याबाई होळकरांचे (१७२५–१७९५) काम खरोखर अफाट आहे. नेमके म्हणूनच दुसऱ्या दात्यांची कामेही त्यांच्या नावावर चढली. दगड, सनद किंवा होळकर दप्तरातली नोंद यांपैकी काही हाती नसेल तर 'गावात असे सांगतात' एवढेच लिहा. एखाद्या विसरलेल्या वाण्याचे किंवा विधवेचे दान असे परस्पर पुसले जाऊ नये.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना

'धर्मशाळा कधी पडली?' या प्रश्नाला 'लई वर्षं झाली' हेच उत्तर मिळणार. प्रसंगाला बांधून विचारा. गांधीहत्येच्या वेळी (१९४८) छप्पर होते का? पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) तेव्हा? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा भिंत उभी होती का? बाहत्तरच्या दुष्काळात तिथे कोण उतरले होते? अशा चार प्रश्नांत पडझडीचा काळ बराच आवळता येतो.

कुणाला भेटावे? देवळाचे गुरव, जुने कोतवाल, टांगेवाल्यांच्या घरातले, बाजारपेठेतल्या सर्वांत जुन्या दुकानाचे मालक. वारीच्या वाटेवरचे गाव असेल तर दिंडीचे विणेकरी आणि चोपदार, कारण दिंड्यांचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. धर्मशाळा पडल्यावर मुक्काम कुठे हलला, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

दलित वस्तीत जाऊन विचारल्याशिवाय हे काम पुरे झाले असे समजू नका. 'आम्हाला आत झोपू देत नव्हते, आम्ही पारावर' ही माहिती वरच्या आळीत कुणी सांगणार नाही, आणि ती धर्मशाळेच्या इतिहासाचा भागच आहे.

एक काळजी घ्या. जुन्या जागेबद्दल विचारणारा माणूस आला की लोकांना आधी मालकीचा वाद आठवतो. त्या जागेवर आज कुणाचे घर असेल तर पहिल्याच वाक्यात आपला हेतू सांगा, गावातले ओळखीचे माणूस सोबत न्या आणि न विचारता घराचा फोटो काढू नका. एकदा संशय आला की पुढची दारे बंद होतात.

जमिनीचे कागद: कामाचा गाभा

नवखे लोक इथे एक चूक हमखास करतात. गावठाणातल्या जागेचा सातबारा मागतात आणि 'असा सातबारा नाही' ऐकून परत येतात. सातबारा शेतजमिनीचा. गावठाणात नगर भूमापन झाले असेल तर मालमत्ता पत्रक असते, ते भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या किंवा नगर भूमापन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. झाले नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही पाहायची. धर्मशाळा वेशीबाहेर, रस्त्याकाठी असेल तर मात्र ती सर्व्हे नंबरात बसते आणि सातबारा, फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) ही वाट खुली होते.

मालमत्ता पत्रकावर आजचे नाव वाचून थांबू नका. 'हक्काचा मूळ धारक' या रकान्यात पहिली नोंद आणि वर्ष असते. तेच आपल्याला हवे. त्याहून मोलाची चौकशी नोंदवही. नगर भूमापन करताना अधिकाऱ्याने प्रत्येक मिळकतीची चौकशी करून कोण धारक, कशाच्या आधारे, हे तिच्यात टिपलेले असते. तिथे 'धर्मशाळा, वहिवाट सार्वजनिक' अशी एक ओळ सापडली तरी काम निम्मे झाले. कारकून बहुधा फक्त मालमत्ता पत्रकाची नक्कल देतात, म्हणून अर्जात चौकशी नोंदवहीचा उतारा असे शब्द स्पष्ट लिहा.

सर्व्हे नंबर असेल तर क्रम असा ठेवा. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक लिहून घ्या, मग एकेक फेरफार मागे मागे नेत जा. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफारांची साखळी साधारण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मागे जाते. त्याच्याही मागे जायला मूळ मोजणीची टिपणे आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद). मुंबई इलाख्यातली ही मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. जागा इनामाची असेल तर गाव नमुना ३ पाहा, त्यात दुमाला, म्हणजे इनाम दिलेल्या, जमिनी येतात. सरकारी असेल तर नमुना १-ब. पुष्कळ जुने दस्त 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. तालुक्याला खेप घालण्याआधी तिथे बघा. गट नंबर (एकत्रीकरणानंतरचे नवे क्रमांक) पडलेले गाव असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचे जुळणी पत्रक आधी मिळवा, नाहीतर शेजारच्याच शेताचा इतिहास तुम्ही मन लावून लिहाल.

साध्या नक्कल अर्जाने काम भागले तर उत्तम. नाही भागले तर माहितीचा अधिकार: जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. 'धर्मशाळेची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज 'माहिती आढळून येत नाही' या शेऱ्यासह परत येतो, कारण कार्यालयात धर्मशाळा या नावाची फाइल नसते. सर्व्हे नंबर, नोंदवहीचे नाव आणि वर्षे लिहिली की टाळायला जागा उरत नाही.

जुने फेरफार आणि टिपणे मोडी लिपीत असतील. मोडी न शिकताही थोडे जमते: गावाचे नाव, 'धर्मशाळा' आणि 'शके' हे तीन शब्द मोडीत पंचवीस-पंचवीस वेळा गिरवा, म्हणजे पानभर मजकुरात ते उठून दिसतात. मग तेवढीच पाने जाणकाराकडून वाचून घ्या. मोडीत शब्द तोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत. म्हणून ओळीचा फोटो तुकड्यांत न घेता अख्खे पान एकाच फोटोत घ्या.

विश्वस्त संस्थेची नोंद

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय संस्थांना नोंदणी करावी लागली. त्यामुळे पन्नाशीच्या दशकात उभी असलेली खासगी देणगीची धर्मशाळा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात सापडण्याचा चांगला संभव असतो. 'परिशिष्ट एक'चा उतारा मागा. त्यात विश्वस्त, हेतू आणि स्थावर मिळकत असते. क्रमांकाच्या आधीचे अक्षरही पाहा: देवस्थानाला जोडलेली असेल तर बहुधा 'ए', स्वतंत्र धर्मादाय असेल तर 'ई'. म्हणून देवळाच्या नावानेही शोधा, धर्मशाळा कदाचित देवळाच्या मिळकतींच्या यादीत तिसऱ्या ओळीत असेल.

परिशिष्टापेक्षा मूळ नोंदणी अर्ज जास्त बोलतो. संस्था कुणी, कशी स्थापली याचा मजकूर त्यात असतो. जागा विकली गेली असेल तर कलम ३६ खालच्या परवानगीची फाइल शोधा, कारण विश्वस्तांना स्थावर विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. इमारत किती मोडकळीला आली होती, उतारू यायचे का थांबले, ते विक्रीच्या अर्जात कारणे म्हणून लिहिलेले असते.

नाहीशी झालेली धर्मशाळा कधी कधी नुसती दुसऱ्या हाती गेलेली असते. गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. अशा वेळी पुढच्या संस्थेच्या नावाने शोधल्याशिवाय धागा लागत नाही. गावपातळीवर पुढचे वारसदार ठरलेले: प्राथमिक शाळा, दवाखाना, पोस्ट, ग्रामपंचायत, एसटी स्टँड. शाळा धर्मशाळेत भरत असेल तर शाळेची जुनी दप्तरे आणि शेरेबुके जरूर चाळा.

लोकल बोर्ड, पालिका आणि १९२३ चा ठराव

१८६९ च्या कायद्याने लोकल फंडाला बैठक मिळाली, १८८४ च्या कायद्यानंतर जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. रस्ते, विहिरी, धर्मशाळा ही त्यांची कामे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डांच्या मिळकती त्यांच्याकडे गेल्या. तेव्हा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची मालमत्ता नोंदवही आणि सामान्य प्रशासन विभागाचा अभिलेख कक्ष या दोन जागा गाठा.

पालिकेच्या सभांची इतिवृत्ते शंभर वर्षांची असली तर सगळी वाचायचा धीर कुणाला होत नाही. आधी १९२३ ते १९३० ही वर्षे उघडा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने तो अमलासाठी खाली धाडला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला आणि पुढे २० मार्च १९२७ चा सत्याग्रह घडला. बोले ठरावात धर्मशाळा नावानिशी असल्यामुळे या वर्षांत अनेक ठिकाणी 'आपल्याकडे सार्वजनिक धर्मशाळा कोणत्या' हा प्रश्न सभेपुढे येण्याचा संभव असतो. तिथे यादी मिळाली नाही तरी वाद मिळेल, आणि कोण कुणाला का अडवत होते ते सभासदांच्या तोंडूनच कळेल.

गॅझेटियर आणि नकाशे

मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियरे १८७७ पासून पुढे कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघाली. पुण्याचा अठरावा खंड १८८५ चा, तीन भागांत. गावांची वर्णने शेवटच्या प्रकरणात अकारविल्हे आहेत. नवखे तेवढेच वाचतात. व्यापार आणि दळणवळणाच्या प्रकरणात रस्त्यांवरच्या उतरण्याच्या जागांची माहिती असते, तीही पाहा. इंग्रजीत 'धर्मशाला' न लिहिता 'रेस्ट-हाउस' लिहिलेले आढळेल, म्हणून दोन्ही शब्द शोधा. स्कॅन प्रतीत यंत्राने शोध घेतला तर स्वरांवरच्या खुणांमुळे गावांची नावे चुकीची वाचली जातात. गाव सापडले नाही म्हणून ते तिथे नाही असे समजू नका, पाने उलटून बघा.

एक इंच एक मैल मापाच्या जुन्या सर्वेक्षण नकाशांवर धर्मशाळा, सराई, डाक बंगला लिहिलेले असतात. दोन वेगळ्या वर्षांची एकाच भागाची पत्रके शेजारी ठेवा: एकावर आहे, दुसऱ्यावर नाही, म्हणजे मधल्या काळात गेली. पण नकाशा नव्याने छापला म्हणजे नव्याने मोजला असे नसते. कोपऱ्यातले मोजणीचे साल वाचा, छपाईचे नव्हे. रस्त्याचेही वय बघा. बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये धावू लागली, मग त्या वाटेवर बैलगाडीच्या मजलेवरचे मुक्काम ओस पडणे क्रमप्राप्त होते.

मराठवाड्यात निजामी दप्तर उर्दूत आणि फसली सनात असते. तिथे १९५४-५५ चे खासरा पत्रक हा भक्कम आधार. विदर्भात अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक (गावच्या सामाईक जागांच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) मागा. पेशवाईतली आणि इनामाची धर्मशाळा असेल तर पुण्याचे पुरालेखागार, कोल्हापूर संस्थानातली असेल तर कोल्हापूरचे.

टिपण लिहिताना

एका कागदावर तीन रकाने आखा: साल, नोंद, आधार. तोंडी माहिती आणि कागद वेगवेगळ्या शाईने लिहा. दोन आधार भांडत असतील तर दोन्ही ठेवा. जोत्यावर पाच खण आणि दप्तरात सात, असे निघाले तर बहुधा दोन खण रस्त्याखाली गेलेले असतात, आणि ते रस्तारुंदीच्या भूसंपादनाच्या कागदात सापडतील. प्रत्येक फोटोला सर्व्हे किंवा नगर भूमापन क्रमांक आणि तारीख असे नाव द्या. टिपणाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक गावच्या वाचनालयात आणि एक ज्यांनी माहिती दिली त्यांच्या घरी पोचवा. घरी दिलेली प्रत वाचून कुणीतरी ट्रंकेतली जुनी पावती घेऊन येते.